मोगलाईत शिरलेली घडीची सायकल

बुलढाण्यात नवे मुन्सफ आले आणि रोज संध्याकाळी सायकलवर बसून घाटाच्या तोंडापर्यंत जायला लागले, तेव्हा गावाने आधी चौकशी केली ती तिकडे त्यांचं कुणी नातेवाईक आहे का याची. नातेवाईक निघेना. मग साहेब तिकडे जमीन पाहत असतील असं ठरलं. जमीनही निघेना. शेवटी कोर्टाच्या शिपायाने पक्की बातमी आणली की साहेब तिथे जातात, सूर्य बुडताना पाहतात आणि परत येतात. ते ऐकून सगळ्यांना मुन्सफांच्या बायकोची दया आली.

एकट्या भगवंतरावांचं मत वेगळं पडलं. भगवंतराव त्याच कोर्टात नाझर होते. कुणाच्या घरावर जप्ती न्यायची, जप्तीतल्या म्हशीचं चारापाणी करायचं, मग तिचा लिलाव पुकारायचा, ही त्यांची नोकरी. त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू एकदा नजरेखालून गेली की तिची खोड आपल्याला कळते, असा त्यांचा ठाम समज होता. आणि तो खोटा पाडणारी वस्तू अजून त्यांना भेटायची होती. चाळिशी उलटली होती. कोटाची मधली गुंडी रोज सकाळी कुरकुर करत होती. बिनकामाचं सायकलवर बसून हवा खायची, ही कल्पना त्यांना एकदम राजेशाही वाटली. कामासाठी काय, गाढवही चालतं.

"आपण सायकल घेऊन राह्यलो," त्यांनी अन्नपूर्णाबाईंना सांगितलं.

"कायले? कचेरी तर समोरच आहे."

"कचेरीत जाले नाही. हवा खाले."

अन्नपूर्णाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून चांगली भरपूर हवा येत होती. पण संसारात काय बोलायचं नाही हे त्यांना उमगून बराच काळ झाला होता.

सायकल कोणती घ्यावी हा प्रश्न ओट्यावर निघाला मात्र, तो घरचा राहिला नाही. शेजारचे अर्जुनराव हे पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर आणि आळीतले एकुलते एक सायकलवाले. त्यांची सायकल सरळ दांडीची, उंच, काळीकुळकुळीत. रोज सकाळी ते तिला तेलाच्या फडक्याने पुसत, दर आठवड्याला साखळी रॉकेलात धूत, आणि संध्याकाळी तिचं हँडल धरून, तिच्या शेजारून, बाजारापर्यंत चालत जात. एखादा हत्ती बाळगणारा माणूस जसा हत्तीबरोबर चालावा तसे. सायकलीच्या बाबतीत आळीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

"भगवंतराव, सायकल म्हणजे घोडा," अर्जुनराव म्हणाले. "उंच पाहिजे, सरळ पाहिजे आणि काळा पाहिजे."

चौकातला कादर मिस्त्री यात पडला, कारण सायकल कोणाचीही असो, ती शेवटी आपल्याकडेच येणार हे त्याला माहीत होतं. कादरचा आवाज मोठा होता आणि मतं त्याहून मोठी. "बारीक टायरची घेऊ नका, नाझरसाहेब. पळते लय, पण आपल्या रस्त्यानं बाभळीचा काटा तिची वाट पाहत बसला राह्यते. जाड टायर घ्या. काटा गेला तरी त्याले दुसऱ्या दिवशी कळते."

पण खरा निकाल लावला तो घरमालक मोतीरामने. भगवंतरावांच्या बिऱ्हाडाला जायला एक बोळ होता. तो असा अरुंद, की त्यात शिरलेली म्हैस उलटी चालतच बाहेर यायची. मोतीराम म्हणाला, "बोळात सायकल उभी राह्यली त माणसं कुठून जातीन? ठेवाची असंन त घरात ठेवा." आणि घरात सायकल ठेवायची तर अन्नपूर्णाबाईंना बाहेर ठेवावं लागलं असतं, इतकीच जागा होती.

इथे भगवंतरावांचे मेहुणे शालिग्राम कथेत येतात. ते नागपूरला असत. लढाई नुकतीच संपली होती आणि पलटणीचा उरलासुरला माल जागोजाग लिलावात निघत होता: तंबू, बूट, डबे, बादल्या. शालिग्रामांनी सणाला आल्यावर सांगितलं, की त्या मालात एक अजब सायकल पाहिली. विमानातून छत्री घेऊन उडी मारणाऱ्या शिपायांसाठी केलेली. मधोमध दुमडते. खाली उतरलं की उघडायची आणि बसून निघायचं.

भगवंतराव ताडकन उठून बसले. बोळ, घर आणि हवा या तिन्हींचा निकाल एका वस्तूत लागत होता. "घ्या," ते म्हणाले. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांचा माल लिलावात काढला, त्यांनी न पाहता लिलावातला माल घेतला. पण त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. वैद्यही आजारी पडतोच.

सायकल आली ती पोत्यात. मलकापूरहून येणाऱ्या मोटारीच्या टपावरून पोतं उतरलं, तेव्हा आळीतले झाडून सगळे जमले. पोत्यातून हिरव्या रंगाच्या, दुहेरी नळ्यांच्या, चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या दोन अर्ध्या वस्तू निघाल्या. मधे बिजागरी, आणि वर एक, खाली एक असे दोन कानवाले पेच. पायडल म्हणजे नुसत्या दोन दांड्या. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "एवढं दूर आणता आणता मोडली बाई."

"मोडली नाही. घडी आहे," भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांसमोर ती उघडली. पेच आवळले. टिचकी मारली. मग पुन्हा घडी केली. तिसऱ्यांदा उघडताना त्यांचं बोट बिजागरीत सापडलं. पण नाझर लोक जाहीर ठिकाणी ओरडत नसतात.

अर्जुनराव दोन्ही हात पाठीमागे बांधून सायकलीभोवती फिरले. "घोड्याची कधी घडी होते का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "भगवंतराव, वस्तू चांगली असंन. पण हे सायकल नोहे."

ते वाक्य भगवंतरावांना लागलं. आणि पुढे महिनाभर आळीत कुणीही तिला सायकल म्हणेना. 'नाझरसाहेबाचं ते' असं म्हणत.

सरकारदरबारीही तीच तऱ्हा. गावात सायकल फिरवायची तर पितळेचा बिल्ला लावून घ्यावा लागे. बिल्ले वाटणारे कारकून मोठे शंकेखोर होते. बिल्ला पुढच्या अर्ध्याला ठोकावा तर मागचा अर्धा बिनबिल्ल्याचा राहतो, मागच्याला ठोकावा तर पुढचा. मधे बिजागरीवर ठोकावा तर घडी होत नाही. "आणि उद्या तुम्ही दोन ठिकाणी दोन अर्ध्या फिरवल्या तर?" कारकुनांनी विचारलं.

"अर्ध्या सायकलीवर कोण बसणार?"

"ते तुमचं तुम्ही पाहा. आमचं काम बिल्ल्याचं."

भगवंतरावांनी कलम, पोटकलम, सगळं बोलून पाहिलं. शेवटी बिल्ला सुतळीने हँडलला बांधला आणि कारकुनांनी तिकडे पाहिलं नाही, असं ठरलं.

एवढं होईतो भगवंतराव सायकल शिकलेही. शाळेत असताना थोडी येत होती, ती आठवली. पहिले काही दिवस कादरच्या दुकानासमोरच्या लिंबाच्या झाडाशी त्यांची रोज भेट होई; मग झाड मागे राहायला लागलं. निगराणीचं सगळं शास्त्र त्यांनी कादरकडून घेतलं आणि त्यात स्वतःची भर घातली. टायर अंगठ्याने दाबून पाहायचा. साखळी ना ताठ ना ढिली ठेवायची. आणि तेल. "तेलात कंजुशी करू नका," कादर म्हणाला होता. "जे हलते त्याले तेल." ब्रेक दाबले की चाकाजवळचे रबराचे ठोकळे कर्कश ओरडत. तेही हलतच होते. भगवंतरावांनी त्यांना एरंडेल लावलं. आवाज तत्काळ बंद झाला. त्यांनी ते कादरला दाखवलं, आणि कादर म्हणाला, "वा, हे तं माह्याही ध्यानात नाही आलं."

मग एका संध्याकाळी भगवंतरावांनी ओट्यावर जाहीर केलं, की पुढच्या सुट्टीला आपण सायकलवर धाड गावाला जाऊन येणार.

"धाडले काय काम आहे?" अर्जुनरावांनी विचारलं.

"काही नाही. सहज."

धाडला कुणी सहज गेल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. मग गोजरबाईंना वाट सापडली. काम नाही म्हणजे हात मोकळे. "जाऊनच राह्यले त माह्या रुख्मिणीले लोणच्याची बरणी नेजा भाऊ. धाडलेच देली आहे तिले." कादर म्हणाला, त्याची बहीण इमामबी धाडलाच असते, तिच्यासाठी गोधडी शिवून ठेवलीय, मोटारवाले नेताना मळवतात. मोतीरामने बैलाच्या घुंगरमाळा आणल्या. धाडच्या एकाकडून त्या डागून आणायच्या होत्या. सुट्टीच्या पहाटे भगवंतराव निघाले, तेव्हा मागच्या कॅरिअरवर गोधडी, गोधडीच्या पोटात बरणी आणि हँडलला घुंगरमाळा होत्या. बोळातून बाहेर पडताना असा नाद झाला, की मोतीरामचा बैल उठून उभा राहिला.

"संध्याकाळच्या जेवणाले येतो," ते अन्नपूर्णाबाईंना म्हणाले.

"पेच आवळले न?"

"बायकांनी पेचात पडू नये," भगवंतराव म्हणाले, आणि हा विनोद त्यांना गाव संपेपर्यंत पुरला.

सकाळ सुरेख होती. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, हवेला गारवा होता, आणि घुंगरांच्या तालावर सायकल चालली होती. राखणीचे लोक मचाणावरून उठून पाहत. एकाने विचारलं, "कोणाचं लगीन आहे, साहेब?" भगवंतरावांनी नुसता हात हलवला. आपण कुठेच चाललो नाही, आणि तरीही इतक्या जोरात चाललो आहोत, याचा त्यांना जो आनंद झाला तो जप्तीच्या कुठल्याही मालात आजवर झाला नव्हता. मुन्सफसाहेब सूर्य पाहतात म्हणजे काय पाहतात ते त्यांना आत्ता कळलं.

धाड दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं, इथेच कशाला थांबायचं. थोडं पुढे जाऊ, उतार संपतो तिथे एखाद्या झाडाखाली बसू आणि मग गावात येऊ. धाडच्या पुढे मोगलाई लागते, म्हणजे निजामाचं राज्य, हे वऱ्हाडातलं पोर जाणतं. भगवंतरावही जाणत होते. फक्त उतार किती आहे हे ते जाणत नव्हते.

उतार लागला. सायकलने वेग घेतला. भगवंतरावांनी ब्रेक दाबले. ब्रेकनी अजिबात आवाज केला नाही. दुसरंही काही केलं नाही.

खाली मोगलाईचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. एक बैलगाडी सोडण्यासाठी नाक्यावरचा आडवा बांबू नुकताच वर गेला होता. शिपायाने घुंगरांचा आवाज ऐकून वर पाहिलं. कोट-टोपीतले एक गृहस्थ हिरव्या यंत्रावर बसून, गाडीच्या शेजारून, ब्रिटिश अमलातून निजामाच्या अमलात कुणालाही न विचारता निघून गेले. जाता जाता त्यांनी सवयीने रामरामही केला. थोडं पुढे वरचा पेच निसटला. मग खालचा. सायकलीचं पुढचं चाक वळून मागच्या चाकाला भेटायला आलं आणि भगवंतराव कडब्याच्या गंजीत गेले. त्यांच्या मागोमाग गोधडी आली. बरणी शाबूत होती. इज्जतीचं मात्र तसं सांगता येत नव्हतं.

नाकेदार रहेमतुल्लासाहेब हे मोठे अदबशीर गृहस्थ होते. त्यांनी भगवंतरावांना पाणी दिलं, टोपी झटकून दिली, बाजेवर बसवलं आणि मग विचारलं, "माल काय आणला, साहेब?"

"माल नाही. सायकल आहे."

रहेमतुल्लासाहेबांनी सायकलीकडे पाहिलं. ती घडी होऊन पडली होती. "बघा साहेब, माझं काही म्हणणं नाही. सवारी असली तर तुम्ही फिरायला आलात, आणि आलात तसे जावा. माल असला तर जकात द्यावी लागती. मला येवढंच कळू द्या, ही सवारी आहे का माल आहे?"

"सवारी."

"मग बसून दाखवा."

भगवंतरावांनी सायकल उघडली. पेच हरवले होते. नाक्यावरच्या शिपायांनी, बैलगाडीवाल्याने आणि वाटेने जाणाऱ्या कित्येकांनी कडबा उपसला, पण पेच काही मिळाले नाहीत. मग सुतळीने बांधून पाहिली. भगवंतराव छाती काढून बसले, दोन पायडल मारले, आणि सायकलने सगळ्यांदेखत हळूहळू, लाजल्यासारखी, घडी घातली.

"माल आहे," शिपाई म्हणाला.

जकात भरली असती तर तिथल्या तिथे सुटका होती, आणि ती फारशी नव्हतीही. पण ती भरली म्हणजे ही सायकल नाही हे कबूल झालं. तेही परक्या राज्यात. भगवंतराव बाजेवर नीट टेकून बसले. "जकात भरणार नाही," ते म्हणाले. "हे सायकल आहे."

रहेमतुल्लासाहेबांना त्यांचा राग आला नाही, उलट आदर वाटला. त्यांनी तोड काढली. "एक करा. ज्याची स्वतःची सायकल आहे असा एखादा इज्जतदार माणूस बोलवा. त्यानं त्याची सायकल शेजारी उभी करून सांगावं, की हीबी सायकलच आहे. मग माझ्यावर वरून बोल येणार नाही."

भगवंतरावांच्या ओळखीत असा माणूस एकच होता. आणि तोच महिनाभर आळीला सांगत होता की ही सायकल नव्हे.

पण इलाज नव्हता. कय्यूम नावाचा ड्रायव्हर मोटार घेऊन बुलढाण्याला निघाला होता, त्याच्याबरोबर निरोप गेला. दरम्यान बरणीचा प्रश्न निघाला, कारण बरणी तर नक्कीच माल होता. आत लोणचंच आहे याची खात्री करणं नाक्याला भाग होतं. रहेमतुल्लासाहेबांनी खात्री केली. मग शिपायांनी केली. दुपारी भाकरी आल्यावर सगळ्यांनी पुन्हा एकदा, भगवंतरावांसकट, केली. खात्री अशी पटली की बरणी अर्ध्यावर आली. रहेमतुल्लासाहेब म्हणाले, "घरगुती आहे. माफ."

तिकडे कय्यूमने बुलढाण्याच्या चौकात निरोप दिला, तोवर त्या निरोपाला पाय फुटले होते. नाझरसाहेब पलटणीच्या सायकलवर बसून निजामाच्या राज्यात घुसले आणि कैद झाले, असं गाव बोलू लागलं. अन्नपूर्णाबाई पदर खोचून अर्जुनरावांच्या दारात गेल्या. कय्यूमची मोटार दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. आळी म्हणाली, अर्जुनरावांच्या घरी घोडा उभा आहे, मोटार कशाला पाहिजे.

अर्जुनराव आत गेले. त्यांनी कोट चढवला, सायकलीचं हँडल धरलं आणि निघाले.

ते नाक्यावर पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. सायकल तशीच लखलखीत होती. अर्जुनराव मात्र गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते, आणि उजव्या पायाचा जोडा फाटला होता. भगवंतरावांनी ते पाहिलं, पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. या माणसाची जीभ आता कुठे वळणार?

रहेमतुल्लासाहेबांनी दोन्ही सायकली शेजारी उभ्या करायला सांगितल्या. एक उभी राहिली. दुसरी भगवंतरावांनी दोन्ही हातांनी उघडून धरली.

"मास्तरसाहेब, तुम्ही जाणकार. खुदाला स्मरून सांगा. ही सायकल आहे का?"

अर्जुनरावांनी आपल्या काळ्या सायकलीकडे पाहिलं. मग त्या हिरव्या, वाकड्या, कडबा अडकलेल्या वस्तूकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "माह्या सायकलीपेक्षा हेच जास्त सायकल आहे, साहेब."

रहेमतुल्लासाहेबांना ही नम्रता फार आवडली. त्यांनी दोघांनाही चहा पाजला. भगवंतराव मात्र चहा पिताना अर्जुनरावांच्या जोड्याकडे पाहत राहिले.

रात्रीपुरता मुक्काम धाडला रुख्मिणीकडे पडला. इमामबीची गोधडी पोचवली. बरणीत डोकावून रुख्मिणी म्हणाली, "आईनं औंदा लोणचं कमीच धाडलं." त्यावर भगवंतराव भाकरीकडे पाहत राहिले.

सकाळी परत निघाले. एकाच्या हातात उभी सायकल, एकाच्या खांद्यावर घडीची. गाव मागे पडल्यावर भगवंतराव म्हणाले, "मास्तर, तुम्ही बसून पुढं व्हा. मी येतो चालत."

अर्जुनराव चालतच राहिले. पुढची बाभूळ मागे पडली.

"भगवंतराव, मले येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"सायकल."

भगवंतराव थांबले. घुंगरमाळा डागायच्या राहून गेल्या होत्या; त्या खांद्यावर एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या.

"बढती झाली तवा घेतली," अर्जुनराव म्हणाले. "शिकाले वेळच कुठं भेटला. दुसऱ्याच दिवशी लोक सायकलवाले मास्तर म्हणाले लागले. मंग पडाले जागाच राह्यली नाही. जिथं पडावं तिथं वळखीचा माणूस."

"म्हणजे काल तुम्ही घरून इथवर..."

"पैदल. तुमच्या घरून बाई आल्या होत्या. त्याईले काय सांगू?"

भगवंतरावांना खूप काही बोलायचं होतं. महिनाभराचं साचलं होतं, घोड्यापासून सगळं. पण त्या फाटक्या जोड्याकडे पाहून त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "बसा मागं."

त्यांनी उभी सायकल हाती घेतली, उडी मारून बसले. अर्जुनराव कॅरिअरवर, मांडीवर घडीची सायकल आणि गळ्यात घुंगरमाळा. काळी सायकल जन्मात पहिल्यांदा दोन माणसांखाली धावली. सुरुवातीला तिचा एकेक सांधा कुरकुरला, मग तिला चव लागली. उताराला अर्जुनरावांनी भगवंतरावांचा कोट घट्ट धरला. "ही इतकी पळते," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "इतकी पळते ही."

बुलढाण्याची पहिली घरं दिसली तशी भगवंतरावांनी सायकल थांबवली. न सांगता अर्जुनराव उतरले. त्यांनी कोट झटकला, हँडल हातात घेतलं आणि नेहमीसारखे आपल्या सायकलीच्या शेजारून गावात शिरले. मागून भगवंतराव, खांद्यावर घडी घेऊन.

आळीने एका नजरेत निकाल लावला. घोडा कैद्याला सोडवून घेऊन आला. मोतीरामने अर्जुनरावांना हार घातला. गोजरबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होती बाई, सरळ वस्तू ते सरळ वस्तू." कादरसुद्धा म्हणाला, की उभ्या सायकलीची सर कशालाच येत नाही. भगवंतराव सगळं ऐकत उभे राहिले. एक वाक्य बोलले असते तर अख्खी आळी गारद झाली असती. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं, आणि त्यांनी ते गिळलं. त्यांच्या आयुष्यात एवढा मोठा घास त्यांनी दुसरा गिळला नव्हता. हाराआडून अर्जुनरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

त्या आठवड्यात कादरने दोन नवे पेच घडवून बसवले आणि एरंडेल खरवडून काढलं. मग एका पहाटे अर्जुनराव दार वाजवून म्हणाले, की घडीची सायकल कशी असते ते जरा चालवून पाहावं म्हणतो. आळीला यात विशेष वाटलं नाही. जाणकार माणूस वस्तू पारखणारच.

दोघे चिखलीच्या रस्त्याला गेले. सायकल बुटकी होती, पाय जमिनीला टेकत होते, आणि वाटेवर कुणी नव्हतं. असे काही दिवस गेले. भगवंतराव मागून सीट धरून पळत आणि सूचना देत. त्यांच्याइतका खात्रीचा मास्तर मास्तरांनाही कधी मिळाला नसेल. एक दिवस पळता पळता त्यांना दम लागला, हात सुटला, आणि अर्जुनराव पडले नाहीत. ताठ बसून, मान सरळ ठेवून, ते ज्वारीच्या मधून लांब लांब होत गेले. भगवंतराव कमरेवर हात ठेवून ती पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग शीळ घालत घरी आले.

अन्नपूर्णाबाईंनी चहा पुढे केला. "जमली का त्याईले तुमची सायकल?"

"जमली. अशी सरळ नेली, की काय विचारता."

"मंग वापस कवा येतीन?"

भगवंतरावांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. दुसरी फुंकर घालताना ते जरा थबकले.

"घडीच्या सायकलीची वळाची रीत वेगळी राह्यते," ते म्हणाले. "ते उद्या शिकवाचं आहे."